जागल्याचे ऐकले जाते का?

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेले अलास्का एअरलाइन्सचे विमान सुमारे १६ हजार फुटांवर पोहोचले होते. अचानक मोठा आवाज झाला आणि विमानाच्या बाजूचा दरवाजाएवढा तुकडा निखळून बाहेर फेकला गेला. जास्तीच्या दरवाजाची जागा बंद करण्यासाठी बसवलेले ते झाकण होते. विमानातील १७७ जण सुदैवाने बचावले. झाकण जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात परत बसवलेच गेले नव्हते, असे तपासात दिसून आले.

हे विमान होते बोइंगचे ७३७ मॅक्स ९. याच मालिकेतील दोन मॅक्स ८ विमाने ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात कोसळली होती. त्यांत ३४६ जणांचा जीव गेला. एकाच सेन्सरच्या चुकीच्या माहितीवर विसंबून संगणकप्रणाली विमानाचे नाक वारंवार खाली दाबत राहिली. त्यानंतर भारतासह जगभर ही विमाने जमिनीवर आणली गेली.

आतून आलेले इशारे

पहिल्या अपघाताच्या काही महिने आधी, २०१८ च्या उन्हाळ्यात, बोइंगच्या रेंटन येथील कारखान्यातील वरिष्ठ व्यवस्थापक एड पिअरसन यांनी वरिष्ठांना पत्र लिहिले होते. कामगार थकले आहेत, चुका वाढत आहेत, उत्पादन काही काळ थांबवा, अशी त्यांची विनंती होती. उत्पादन थांबले नाही. ७८७ ड्रीमलायनर जेथे जोडले जाते, त्या चार्ल्स्टनच्या कारखान्यातील गुणवत्ता व्यवस्थापक जॉन बार्नेट यांनी वायरिंगजवळ पडून राहणारा धातूचा कीस आणि हिशेब न लागणारे सदोष सुटे भाग यांकडे लक्ष वेधले. अमेरिकेच्या नियामक संस्थेला त्यांच्या काही मुद्द्यांत तथ्य आढळले. मार्च २०२४ मध्ये कंपनीविरुद्धच्या दाव्यात जबानी सुरू असतानाच बार्नेट यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी ती आत्महत्या असल्याचे सांगितले. पुढच्याच महिन्यात अभियंता सॅम सालेहपूर यांनी ७८७ च्या सांगाड्याच्या जोडांतील फटींविषयी अमेरिकी सिनेटसमोर साक्ष दिली. विमान सुरक्षित असल्याचे सांगत बोइंगने त्यांचे आरोप फेटाळले.

जागल्याचा प्रत्येक दावा खराच असतो, असे नाही. तो तपासावाच लागतो. पण तपासणारा कंपनीपासून स्वतंत्र असेल, तरच त्या तपासाला अर्थ राहतो. मॅक्सच्या प्रमाणनाचे बरेचसे काम नियामकाने कंपनीच्याच कर्मचाऱ्यांवर सोपवले होते. या पद्धतीवर टीका झाल्यानंतर २०२० च्या अखेरीस अमेरिकेने कायदा बदलला.

विश्वास का तुटतो?

जोखमीच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पॉल स्लोव्हिक यांनी १९९३ मध्येच मांडले होते, की विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि गमवायला एक घटना पुरते. लाखो विमाने सुखरूप उतरतात, त्याची बातमी होत नाही. निखळलेले झाकण मात्र स्मरणात राहते. शिवाय विमानात प्रवाशाच्या हाती काहीच नसते, त्यामुळे आकडे कितीही दिलासादायक असले तरी भीती मोठी वाटते.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे ७८७ कोसळून २६० जण मृत्युमुखी पडले, तेव्हा ड्रीमलायनरविषयीचे जुने आरोप पुन्हा चर्चेत आले. प्राथमिक अहवालात मात्र उड्डाणानंतर लगेचच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याची नोंद होती, आणि निर्मात्या कंपनीसाठी त्या टप्प्यावर कोणतीही शिफारस नव्हती. तुटलेला विश्वास असा वागतो. पुरावा येण्याआधीच संशयाची सुई ठरलेल्या दिशेला वळते.

हा विश्वास जाहिरातींनी परत येणार नाही. त्याचा मार्ग विमानक्षेत्रालाच ठाऊक आहे. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिक आणि इतर कर्मचारी आपल्या चुका व धोके ‘नासा’कडे गोपनीयपणे कळवतात. तेथे कळवणाऱ्याचे नाव नोंदीतून काढून टाकले जाते आणि धडा सर्वांपर्यंत पोहोचवला जातो. ताप हा शरीराचा इशारा असतो. तो दिसू नये म्हणून कोणी तापमापक फोडत नाही. कारखान्यात ‘हा बोल्ट बसलेला नाही’ असे सांगणाऱ्या माणसाची नोकरी शाबूत राहते का, यावरच प्रवाशाने निर्धास्त डोळे मिटावेत की नाही हे ठरते.