घरच्या लेथला आपोआप हत्यार देणारा मनोरा

कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि त्याचे दोन हात तिला हवा तो आकार देतात. लेथयंत्रावरही असाच प्रकार असतो. तेथें धातूचा तुकडा फिरतो व त्याला टेंकलेलें पोलादी हत्यार त्यास आकार देतें. मात्र कुंभाराचे हात सर्व कामें करितात, तसें लेथवरील एका हत्याराचें नसतें. बाहेरून कातण्याचें हत्यार निराळें, भोंक मोठें करण्याचें निराळें, आटे पाडण्याचें निराळें आणि तयार भाग सळईपासून तोडण्याचें निराळें. साधा एक बोल्ट करावयाचा म्हटला तरी कारागिराला तीनचार वेळां हत्यार बदलावें लागतें, आणि दर खेपेस तें पुन्हां अचूक बसवावें लागतें.

संगणकाच्या आज्ञेनें चालणारीं लहान लेथयंत्रें आतां हौशी माणसांच्या घरींही दिसूं लागलीं आहेत. असें यंत्र आपण होऊन पुढें सरतें, माप धरतें, मागें येतें. पण हत्यार बदलण्याची वेळ आली कीं थांबून माणसाची वाट पाहतें. ही खोळंबणूक टाळण्यासाठीं पुष्कळ हौशी कारागीर हत्यार बदलणारा मनोरा स्वतःच बनवितात. कांहींचा मनोरा उत्तम चालतो, कांहींचा नुसताच फिरतो. या दोहोंतील भेद बहुधा एकाच गोष्टीवर अवलंबून असतो, आणि ती गोष्ट वाचकांस समजावून द्यावी असा येथें विचार आहे.

मनोऱ्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत मिडलफील्ड येथें स्टीफन फिच यानें १८४५ सालीं, लष्करी पिस्तुलांच्या चापांस लागणारे स्क्रू करण्यासाठीं, आठ हत्यारें धारण करणारा फिरता मनोरा लेथवर बसविला. पुढें ख्रिस्तोफर स्पेन्सर यानें १८७३ सालीं संपूर्ण स्वयंचलित लेथचें पेटंट घेतलें. त्याच्या यंत्रांत एका फिरत्या पिंपावर पट्ट्या बसविलेल्या असत, व त्या पट्ट्यांच्या धक्क्यांनीं हत्यारें योग्य वेळीं पुढेंमागें होत. या पिंपाला लोक यंत्राचा मेंदू म्हणूं लागले. परंतु पेटंटाच्या मागणींत नेमका हा मेंदूच लिहावयाचा राहिला, आणि इतरांनीं तो खुशाल उचलला! तें कसेंही असो; आज्ञा देणें हें एक काम आणि हत्यार जागच्या जागीं धरून ठेवणें हें दुसरें काम, हा भेद आजही तितकाच खरा आहे. मेंदूचें काम आज संगणक करितो. दुसरें काम मात्र धातूलाच करावें लागतें.

नवशिक्या माणसाला सहज असें वाटतें कीं, चौकोनी मनोरा मोटारीच्या दांड्यावर बसवावा, मोटारीला पाव फेरा फिरावयास सांगावें, म्हणजे झालें. यांतील अडचण हिशेबानें पाहूं. नेहमींची स्टेपर मोटार एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचें. हत्याराचें टोंक मनोऱ्याच्या मध्यापासून ५० मिलिमीटरांवर असेल, तर एका पावलानें तें सुमारें दीड मिलिमीटर सरकतें. मध्यें दांत्यांचीं चाकें घालून पावलें बारीक करितां येतात, पण मग दांत्यांमधील ढिलाई आड येते. समजा, मनोरा एक दशांश अंश चुकला. तेवढ्यानें टोंक सुमारें ०.०९ मिलिमीटर हलतें. भोंक मोठें करणाऱ्या हत्याराच्या बाबतींत ही चूक व्यासांत दुप्पट होऊन ०.१७ मिलिमीटरांवर जाते. बेअरिंग बसविण्याच्या भोंकाला मिलिमीटरच्या शतांशांचा हिशेब ठेवावा लागतो. तेथें असें काम टाकाऊच ठरेल.

यावरचा उपाय आपल्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळांत आहे. किल्ली देतांना जो कटकट आवाज येतो, तो दातेरी चाकावरून घसरणाऱ्या खिट्टीचा. चाक एका दिशेनें मोकळेपणीं फिरतें; उलट फिरूं लागलें कीं खिट्टी त्याला अडविते. किल्ली देणाऱ्याचा हात कमीजास्त फिरला, तरी चाक थांबतें तें ठराविक दांत्यावरच. मनोऱ्याच्या खालीं असेंच चार दांत्यांचें चाक व एक भक्कम खिट्टी बसवितात. मोटार सुलट फिरली म्हणजे मधला आटेदार दांडा प्रथम सैल होतो, मग मनोरा फिरूं लागतो आणि खिट्टी दांत्यांवरून घसरत जाते. हवें तें हत्यार समोर येऊन थोडें पुढें गेलें कीं मोटार उलट फिरवावयाची. मनोरा मागें येतो, दांत्याची उभी बाजू खिट्टीवर टेंकते आणि त्याचें फिरणें थांबतें. मोटार मात्र फिरतच राहते. त्यामुळें आटेदार दांडा मनोऱ्याला खालीं ओढून बैठकीवर घट्ट आवळतो. मोटार व दांडा यांच्यामध्यें वर्म-गिअर असला, तर वीज बंद केल्यावरही ही आवळण सुटत नाहीं.

सारांश, मोटारीनें हत्यार केवळ जवळ आणावयाचें. अचूकपणा द्यावयाचा तो खिट्टीनें आणि बैठकीनें. म्हणून पैसा व श्रम मोटारीपेक्षां या दोन भागांवर खर्चावे. दांता व खिट्टी यांच्या टेंकणाऱ्या बाजू कठीण पोलादाच्या असाव्या, बैठक सपाट घासलेली असावी, आणि आंत लोखंडाचा कीस शिरणार नाहीं असें झांकण वर असावें. किसाचा एक बारीक कण बैठकींत अडकला, तर सारी मेहनत फुकट जाते. हत्यारांचीं टोंकें लेथच्या मध्यरेषेच्या उंचीवर आणण्यासाठीं त्यांच्याखालीं पातळ पट्ट्या घालाव्या लागतात, हेंही विसरूं नये.

आतां धोक्याविषयीं. कोणतें हत्यार समोर आहे हें लोहचुंबक व हॉल सेन्सर यांवरून संगणकाला कळतें. परंतु तें आवळलें गेलें किंवा नाहीं, हें त्यावरून कळत नाहीं. सैल मनोऱ्यानें कातण्यास आरंभ केला, तर मिनिटास शेंकडों फेरे फिरणारा तुकडा हत्याराला बाजूस लोटील, आणि मोडलेलें हत्यार कोणाच्या डोळ्यांत जाईल याचा नेम नाहीं. यासाठीं आवळण पुरी झाल्याची खूण देणारी निराळी कळ बसवावी, आणि ती खूण मिळेपर्यंत संगणकानें पुढची आज्ञा पाळूं नये अशी व्यवस्था असावी. लांब हत्यार फिरतांना मोठें वर्तुळ घेतें. म्हणून मनोरा आधीं चकापासून पुरेसा मागें न्यावा, मगच फिरवावा. साधी डीसी मोटार अडकलेल्या स्थितींत फार वेळ विजेवर राहिली तर जळते, यास्तव आवळणीला वेळेची मर्यादा घालावी.

मनोरा तयार झाला म्हणजे लगेच कामास जुंपूं नये. हत्याराच्या जागीं घासलेली सळई लावून तिला डायल गेज टेंकवावा, मनोरा वीस वेळां फिरवून आणावा आणि दर वेळचा आंकडा वहींत लिहावा. भोंकाच्या हत्याराचें घर तपासतांना गेज आडव्या दिशेनें लावावा, कारण चूक व्यासांत दुप्पट होते ती त्याच दिशेची. आंकडे एक-दोन शतांश मिलिमीटरच्या आंत राहिले तर बैठक चांगली जमली असें समजावें. ते एकाच बाजूस सरकत गेले तर कांहींतरी सैल होत आहे, आणि मधूनच एखादा उडी मारूं लागला तर आंत कीस शिरला आहे असें मानून मनोरा उघडावा. ही वही भरून समाधान होईपर्यंत यंत्र चालूं असतां त्याच्याजवळून कोणीं उठूं नये, आणि घरांतील लहान मुलांस तर त्या खोलींत येऊंच देऊं नये.