डेबू कुठे गेला?

अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेला लागलं की वलगावला पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी या पेढीच्या काठी, अमरावतीकडे नेत असताना वाटेतच गाडगेबाबांनी देह ठेवला. पुढे त्यांचं नाव नगराला मिळालं, ग्राम स्वच्छता अभियानाला मिळालं, २००५ साली अमरावती विद्यापीठालाही मिळालं. वऱ्हाडात ते नाव दिसणार नाही अशी जागा शोधावी लागते. मला एक सापडली आहे, ती म्हणजे पहिलीच्या वर्गाचा हजेरीपट.

बाबांचं पाळण्यातलं नाव डेबू. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात झिंगराजी आणि सखूबाई जाणोरकरांच्या पोटी जन्मलेला डेबू पुढे मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाकडे वाढला. हातातल्या फुटक्या गाडग्यामुळे लोकांनी त्याला गाडगेबाबा केलं. आता गंमत पाहा. डेबूच्या जन्मानंतर बरोबर दोन वर्षांनी, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, शेगावात एक अवलिया दिसला. त्यालाही नाव लोकांनीच दिलं, गजानन. पुढच्या काळात वऱ्हाडात घरोघरी गजानन झाले. एका गल्लीत ‘गजू’ म्हणून हाक मारली तर तिघं मागे वळून पाहत. डेबू मात्र वाढला नाही. श्रद्धा दोघांवरही तेवढीच, मग नावाच्या नशिबात एवढा फरक काहून पडावा?

नावांचा अभ्यास करणाऱ्यांना असले प्रश्न आवडतात. बाळाचं नाव फुकट असतं, त्याची जाहिरात कोणती कंपनी करत नाही, आणि ते बारशाच्या दिवशी एकदाच निवडावं लागतं. म्हणजे समाजाची आवडनिवड मोजायला याहून स्वच्छ नमुना नाही. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाकडे १८८० पासूनच्या नावांचे आकडे आहेत. मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली या दोघांनी २००३ साली ते आकडे तपासले आणि सांगितलं की नावांची चढउतार बरीचशी जनुकांच्या दैवगतीसारखी, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारी असते. बहुतेक आईबाप आजूबाजूला ऐकलेलं नाव उचलतात, मोजकेच कुणी नवं घडवतात. एवढ्या दोन गोष्टींतून, कुठल्याही खास कारणाशिवाय, थोडी नावं डोंगराएवढी होतात आणि बाकीची कोपऱ्यात पडून राहतात. पुढे २०२२ साली मिचेल न्यूबेरी आणि जोशुआ प्लॉटकिन यांनी त्यात भर घातली. नाव फार बोकाळलं की लोक त्याच्यापासून दूर सरकतात. आज ज्या वर्गात आरव, अर्णव, आरुष, अथर्व एकाच बाकावर बसतात, तिथल्या बाईंना हे सांगायला संशोधक लागत नाही.

पण दैवगतीवर सगळं ढकलून चालणार नाही. डेबूच्या पिढीतली बाकीची नावं आठवून पाहा: दगडू, धोंडू, केरबा, भिका, उकिर्ड्या. यांतली बरीच नावं भीतीपोटी ठेवलेली असत. आधीची लेकरं गेली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही, मरण त्याला वेचत नाही. कुठे बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचे, कुठे मूठभर धान्याला ‘विकत’ घ्यायचे, आणि नाव तेच पडायचं. हे केवळ आपलंच नाही. मंगोलियात ‘नेरगुई’ म्हणजे ‘नाव नसलेला’ आणि ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’ अशी नावं आजही भेटतात. आलेल्या अपायाने चुकून पुढच्या घरी जावं, एवढीच त्यामागची इच्छा.

या भीतीचा हिशेब मांडता येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जात. म्हणजे एक बाळ पहिला वाढदिवस पाहण्याची शक्यता पाचात चार. घरात पाच लेकरं झाली, तर पाचही वर्ष ओलांडतील याची शक्यता काढायला चार पंचमांशला पाच वेळा गुणायचं. उत्तर येतं जेमतेम ३३ टक्के. हे मरण सगळ्या घरांत सारखं वाटलेलं नसे, तरी ढोबळमानाने तीन घरांतल्या दोघांनी तान्हं लेकरू पुरलेलं असणार. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हा दर हजारी १६ होता. दोन लेकरांच्या घरात असं दुःख येण्याची शक्यता शंभरात तीनेक. धोंडू हे नाव ‘जुनाट’ वाटू लागण्याआधी ते बिनकामाचं झालं होतं. लस, स्वच्छ पाणी, दवाखान्यातलं बाळंतपण यांनी त्याचं काम काढून घेतलं. गावोगाव खराटा घेऊन फिरणाऱ्या माणसाचाही त्यात वाटा होता, असं मला वाटतं. असल्या नावांची गरज संपवण्यात डेबूचाच हात होता, म्हणा ना.

मात्र सगळीच टाकाऊ नावं प्रेमापोटी ठेवलेली नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं नाव किळस येईल असं असावं, असा नियमच आहे. एकच केरबा एका घरी नवसाचा असे आणि दुसऱ्या घरी वरून लादलेला. कागदावर हा फरक दिसत नाही. वऱ्हाडातल्या जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, तर अनेकदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, आणि ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढंच.

गाडगेबाबा गेले त्याच वर्षी ही वरून लादलेल्या नावांची साखळी तुटली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला ते गेले आणि चौदा दिवसांनी पेढीकाठी गाडगेबाबा. त्यानंतर वस्त्यांमधल्या पाळण्यांत जी नावं ऐकू येऊ लागली ती राहुल, सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, विशाखा, यशोधरा. आजा धोंडू आणि नातू सिद्धार्थ. मधे एक पिढी, कधी तेवढीही नाही. नावांची एवढी झपाट्याची आणि जाणूनबुजून केलेली उलथापालथ मला तरी दुसरीकडे माहीत नाही. इथे दैवगतीचं गणित तोकडं पडतं, कारण नक्कल करायला शेजारी आधी कुणी नव्हतंच. नावं सरळ पाली ग्रंथांतून उचलून आणली होती. यातली राहुल-सिद्धार्थ पुढे सगळ्या जातींच्या घरांत रुळली.

आता आवाजाकडे वळू. २००५ साली अमेरिकेला कॅटरिना चक्रीवादळाने झोडपलं. पुढे २०१२ मध्ये जोना बर्जर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यानंतर ‘क’ने सुरू होणारी नावं सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. कॅटरिना हे नाव मात्र लोकांनी टाळलं. कानावर सतत आदळणारा ध्वनी आवडीचा होतो आणि त्याच्या भावकीतल्या नावांना उचलून धरतो. गजाननाला अशी भावकी होती. गणेश, गणपत, विनायक आधीपासून गावात नांदत होते, त्यात गजानन सहज मिसळला. डेबूची भावकी कोणती? पांडू, धोंडू, खंडू, बंडू.

या भावकीचं पुढे काय झालं ते सांगायला नको. ‘ू’कारान्त नावं हळूहळू गड्याची, शिपायाची, विनोदातल्या खेडवळ माणसाची झाली. १९७५ च्या दादा कोंडकेंच्या ‘पांडू हवालदार’नंतर तर पांडू म्हणजे पोलिसाला चिडवायचा शब्द झाला. पांडुरंगाच्या गावात पांडू म्हणवून घ्यायची पंचाईत! ध्वनीचा यात दोष नाही. व्होल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली सुरू केलेल्या आणि पुढे अनेकांनी तपासलेल्या प्रयोगांत, ‘ब’, ‘म’, ‘ऊ’ असे आवाज लोकांना गोल, मऊ, गुबगुबीत आकाराचे वाटतात, तर ‘क’, ‘ट’ टोकदार. डेव्हिड सिधू आणि पेनी पेक्समन यांनी २०१५ मध्ये माणसांच्या नावांतही हेच पाहिलं; बॉब लोकांना गोल वाटतो आणि कर्क काटेरी. त्या मोजपट्टीने ‘बू’वर संपणारा डेबू म्हणजे लोण्याचा गोळा ठरायला हरकत नाही. जिभेचा शेंडा टाळूकडे वळवून काढायचा ‘ड’ तेवढा आजच्या आईबापांना जड वाटतो. नवी नावं य, र, व, न, आणि शेवटी ‘आ’ किंवा ‘ई’ यांवर तरंगतात: कियान, विहान, ईरा, अन्वी. ट, ठ, ड, ढ, ळ पाळण्यातून बेदखल झाले आहेत.

पंचांग उघडलं तर तिथेही डेबूची जागा आहे. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, त्यांची एकशे आठ अक्षरं. त्यांत आर्द्रेच्या वाट्याला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदेच्या वाट्याला ‘ञ’ आलेला, ज्यांवरून मराठीत नावच निघत नाही. गुरुजी हळूच जवळचं अक्षर सुचवतात. आश्लेषेची चार अक्षरं डी, डू, डे, डो. आश्लेषेच्या तिसऱ्या चरणावर बाळ जन्मलं की बाप मोबाइलवर ‘डे’ची नावं शोधत बसतो, काही हाती लागत नाही, आणि शेवटी ‘दे’वर तडजोड होऊन देवांश घरी येतो.

तरी कुणी वलगावच्या लेकराचं नाव डेबू ठेवायचं ठरवलंच, तर घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नावाचा रकाना वर्षभर विनाशुल्क भरता येतो आणि पुढे विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात नावाचा क्रम बदलला आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शेंडगावच्या त्या लेकराची नोंद आज झाली असती तर दाखल्यावर छापून आलं असतं: डेबू सखूबाई झिंगराजी जाणोरकर.