हवा ४७, रक्त ३७

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. माणसं उजाडायच्या आधी जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत पानांचे भारे घेऊन परततात. दुपारी सावलीत बसून त्याच पानांचे पुडे बांधायचे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर गेला की बातमी होते, पण तिथल्या माणसाला त्याचं नवल नसतं; एखाद्या वर्षी तो ४७ लाही टेकतो. नवल आहे ते वेगळंच. पुडे बांधत बसलेल्या त्या माणसाच्या रक्ताचं तापमान अशा वेळीही ३७ च्या आसपासच असतं.

अंगणातली लोखंडी खाट थोड्या वेळात हवेइतकी तापते. माणसाचं काम तर खाटेहून अवघड, कारण त्याच्या आतही चूल पेटलेलीच असते. स्वस्थ बसलेलं शरीर अन्न जाळून ८० ते १०० वॅट उष्णता सतत तयार करतं. ओझं घेऊन चालताना ती कित्येक पट वाढते. ही उष्णता बाहेर पडायची वाट पूर्ण बंद झाली, तर नुसतं बसून राहिलेलं शरीरही तासाला एखाद अंशानं तापत जाईल. आणि ४२-४३ अंशांपुढे माणूस फार काळ टिकत नाही.

मग शरीर थंड राहतं कसं? ते पाहायला १७७४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉर्ज फोर्डाइस यांनी तापवलेल्या खोलीत काही मंडळी मुद्दाम जाऊन बसली. त्यांत डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डन होते, निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स होते. पुढच्या प्रयोगांत खोली १२७ अंशांपर्यंत तापवली गेली, म्हणजे पाणी उकळतं त्याहूनही बरीच वर. त्या हवेत ठेवलेली अंडी शिजली, मांसाचा तुकडा शिजून कडक झाला. माणसं मात्र काही मिनिटांनी चालत बाहेर आली आणि त्यांच्या शरीराचं तापमान जवळपास होतं तेवढंच होतं. ब्लॅग्डन यांनी तिथे पाण्याची भांडीही ठेवली होती. उघडं पाणी उकळेना; वर तेलाचा थर टाकला तेव्हा ते उकळलं. बाष्पीभवन थांबलं की थंडावा थांबतो, हे त्या तेलानं दाखवून दिलं. प्रयोग थोडा आचरट होता, पण उत्तर पक्कं मिळालं.

हवा त्वचेपेक्षा थंड असेल, तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग रक्ताच्या तापमानावर नजर ठेवतो आणि गरज पडली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो, म्हणजे जास्त रक्त पृष्ठभागाशी येऊन निवतं. पण त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून गरम झाली की उष्णतेचा ओघ उलटतो, आणि घाम हा एकच उपाय उरतो. माणसाच्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत सातेक लिटर साधं पाणी उकळीला येईल.

वाळला तर. टपटप गळलेला घाम वायाच जातो. नागपूरच्या कोरड्या हवेत कूलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर नुसती दमट हवा फेकत राहतो, तसंच शरीराचंही होतं. म्हणून किनाऱ्यावरचे ३६ अंश कधीकधी विदर्भातल्या ४२ अंशांपेक्षा जड जातात. हवामानाच्या बातम्यांत पाऱ्याचा आकडा ठळक असतो आणि आर्द्रतेचा कोपऱ्यात. खरं तर दोन्ही शेजारी शेजारी द्यायला हवेत.

शरीराच्या आतली परिस्थिती अशी नेमकी राखण्याला समस्थिती म्हणतात. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात सांगितलं की आपल्या पेशी बाहेरच्या हवेत राहतच नाहीत, त्या आतल्या द्रवात राहतात, आणि तो द्रव स्थिर असतो म्हणून आपण मोकळे फिरू शकतो. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात या कल्पनेला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. पुस्तकांत ती बहुधा एकेका आकड्याची गोष्ट म्हणून येते: तापमान इतकं, साखर इतकी, क्षार इतके. उन्हातल्या शरीराकडे पाहिलं की कळतं, हे आकडे एकमेकांच्या जिवावर सांभाळले जातात.

विसावलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. कडक उष्म्यात एकट्या त्वचेलाच मिनिटाला सात-आठ लिटर रक्त लागू शकतं. मग हृदयाला धाव वाढवावी लागते, आणि आतडी, मूत्रपिंडं यांच्या वाट्याचं रक्त कमी होतं. त्यात घाम येतो तो रक्तातल्याच पाण्यातून आणि मिठातून. पाणी कमी होऊन रक्तातले क्षार एक-दोन टक्के जरी दाटले, तरी मेंदूला ते कळतं, तहान लागते आणि व्हासोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. एरवी दीड लिटरभर लघवी होते, ती अशा वेळी अर्ध्या लिटरवर येते.

पाणी मिळालंच नाही, तर दोन गरजांची झुंज लागते: घाम गाळून अंग थंड ठेवायचं, की उरलेलं पाणी राखून रक्तदाब सावरायचा? शेवटी रक्तदाबाची बाजू वरचढ ठरते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आखडतात, घाम आटतो आणि तापमान चढू लागतं. कैरीच्या पन्ह्यात मीठ आणि गूळ दोन्ही असतात हे इथे कामाला येतं, कारण आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषले जातात आणि पाठोपाठ पाणी ओढून घेतात. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवतात त्या कांद्याबद्दल मात्र असं काही सांगता येत नाही.

उंटानं ही झुंज वेगळ्या रीतीनं सोडवली आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकात सहारात उंटांचं तापमान मोजलं. पाण्याविना राहिलेला उंट पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ४० च्या वर चढतो. दिवसभरात सहा अंश तापायची मुभा घेतल्यामुळे त्याचं सुमारे पाच लिटर पाणी वाचतं. साठलेली उष्णता तो रात्रीच्या गार हवेत फुकट सोडून देतो. माणसाचा मेंदू एवढी सूट देत नाही.

आजारपणातला ताप हा प्रकार निराळा. जंतुसंसर्गात हायपोथॅलॅमस स्वतःच ठरलेला आकडा वर सरकवतो, म्हणूनच ताप चढताना थंडी वाजते. पॅरासिटामॉल तो आकडा खाली आणतं. उष्माघातात आकडा जागच्या जागी असतो, पण यंत्रणा हरलेली असते. तिथे या गोळीचा उपयोग नाही. अंग ४० अंशांच्या पुढे आणि माणूस बरळतोय किंवा शुद्ध हरपतेय, अशा वेळी गार पाणी, ओले कपडे, पंखा, जे हाताशी असेल त्यानं आधी अंग थंड करायचं आणि त्याच वेळी दवाखान्याची सोय पाहायची. शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजू नये.

ही यंत्रणा तालमीनं सुधारतेही. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातला द्रवभागही वाढतो. दक्षिण आफ्रिकेच्या खोल, दमट सोन्याच्या खाणींत नवे कामगार उष्माघातानं दगावू लागले, तेव्हा त्यांना खाली उतरवण्याआधी काही दिवस तापवलेल्या दमट खोल्यांत व्यायाम करायला लावण्याची पद्धत तिथे रुजली. आपल्याकडच्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी दिली जाते. आणि सरावानं मिळालेली ही कमाई फार काळ टिकतही नाही: महिनाभर थंड हवेत काढून परतलेल्या जुन्या, सरावलेल्या कामगाराचं शरीरही पहिल्या दिवशी जवळजवळ नवख्याचंच असतं.