डिस्क लावली, पण सर्व्हरला दिसेना

हा एपिसोड लोकलमध्ये ऐकला आणि अर्धा घाटकोपरच्या गर्दीत निसटला, असं ज्यांचं झालं त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

तर झालं असं. माझा आत्तेभाऊ, त्याला मी दादाच म्हणतो, अंधेरी पश्चिमेला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लग्नाचं फूटेज म्हणजे रीटेक नाही. गेलं की गेलं. म्हणून दादाने लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड सर्व्हर, त्यात रेड कार्ड आणि ४ टीबीच्या चार एंटरप्राइझ डिस्क उचलल्या. (पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघाच एकदा.) मग मला मुलुंडला फोन. "तू इंजिनिअर ना? ये, लावून दे."

आता खरं सांगतो, बीटेकला मी रेड लेव्हलचा तक्ता पाठ करून मार्क मिळवले होते. डिस्क हातात कधी घेतलीच नव्हती.

पहिला धडा कनेक्टरचा. घरच्या पीसीत साटा डिस्क असते. तिच्या मागे दोन वेगळे भाग दिसतात, डेटाचा आणि पॉवरचा, मध्ये खाच. दादाच्या डिस्क सॅस होत्या. त्यांत ती खाच भरलेली असते. त्यामुळे साटाची केबल सॅस डिस्कला बसतच नाही, आणि बसवायला जोर लावू नका. उलट मात्र चालतं: सॅसच्या कंट्रोलरला साटा डिस्क जोडता येते. सर्व्हरमध्ये डिस्क ट्रेमधून आत सरकते आणि बॅकप्लेनवर टेकते. बॅकप्लेनपासून कार्डापर्यंत जाड मिनी-सॅस केबल जाते, एका केबलमध्ये चार डिस्कचा रस्ता.

बॅकप्लेन नसेल तर एका टोकाला मिनी-सॅस आणि दुसऱ्या टोकाला चार फाटे, अशी केबल मिळते. इथे एक फसवणूक आहे. फॉरवर्ड आणि रिव्हर्स या दोन केबल दिसायला जुळ्या बहिणी. कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्डच हवी. चुकीची लावलीत तर काही जळत नाही, फक्त डिस्क दिसत नाही आणि तुम्ही रात्रभर कार्डाला शिव्या देता.

दादाकडे बॅकप्लेन होतं, केबल बरोबर होती, चारही दिवे लागले. तरी कार्ड म्हणे, या डिस्क मला चालत नाहीत.

कारण आतल्या सेक्टरमध्ये होतं. साध्या डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटचा. या डिस्क कुठल्यातरी मोठ्या स्टोरेज बॉक्समधून निघाल्या होत्या आणि तिथे बऱ्याचदा ५२० बाइटचा सेक्टर वापरतात, जादा ८ बाइट तपासणीसाठी. एका मित्राचं साधं एचबीए कार्ड आणलं, म्हणजे ज्यात रेडची हुशारी नाही, डिस्क आहे तशी पुढे देतं. लिनक्सवरून चारही डिस्क ५१२ वर फॉरमॅट केल्या. याला कित्येक तास लागतात आणि डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. सेकंडहँड डिस्क दिसत नसेल तर आधी हेच तपासा. कार्ड फारच जुनं असेल तर २ टीबीच्या वरचं त्याला दिसतच नाही, तेही विकत घेण्याआधी बघा.

मग रेड ५ बनवली. चार डिस्क, वापरायला १२ टीबी, एका डिस्कएवढी जागा हिशोबाला. एक मेली तर उरलेल्या तिघींवरून चौथीचा मजकूर पुन्हा काढता येतो. ही कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८च्या पेपरमधली. नावातल्या 'आय'चा अर्थ तेव्हा 'स्वस्त' असा होता. आजची कार्डांची किंमत बघून हसू येतं.

"मग माझ्या पीसीतली साधी डिस्क लावली तर?" दादाने विचारलं. साधी डिस्क खराब सेक्टर वाचायला खूप वेळ झगडत बसते, कारण तिला वाटतं आपण एकटीच आहोत. कंट्रोलर इतका थांबत नाही, तिला मेलेली समजून बाहेर काढतो. एंटरप्राइझ डिस्क साधारण ७ सेकंदांत 'नाही जमत' म्हणून मोकळी होते आणि कंट्रोलर तो तुकडा बाकीच्यांकडून घेतो. पैसे त्या लवकर हार मानण्याचेही असतात.

आणि बॅटरी! कार्डावर स्वतःची मेमरी असते. डेटा तिथे पोचला की कार्ड 'लिहिलं' असं सांगून टाकतं, डिस्कवर नंतर उतरवतं. मधल्या क्षणी लाइट गेली तर? १२ ऑक्टोबर २०२० आठवा, सोमवारी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. अशा वेळी कार्डाची बॅटरी तो डेटा धरून ठेवते. ती मेली असेल तर कार्ड सहसा थेट डिस्कवर लिहायला लागतं, काम रडतखडत चालतं. 'बॅटरी नसली तरी वेगात लिही' अशी सेटिंग असते, तिला हात लावू नका.

काही महिने छान गेले. मग एका रात्री दादाचा फोन. स्क्रीनवर आलं होतं, स्लॉट २ खराब. त्याच्या असिस्टंटने डावीकडून दुसरी डिस्क खेचली. मंडळी, स्लॉट ० पासून मोजतात! त्याने चांगली डिस्क काढली होती. एक आधीच मेलेली, एक बाहेर, रेड ५ खलास. सहा लग्नं त्यात होती. आणि हे आधी सांगायचं कुणी? दिवसभर शून्यापासून मोजणाऱ्या मी.

त्यांनी डिस्क परत आत घातली, सर्व्हर रीस्टार्ट केला. आता कार्डाला ती डिस्क परकी वाटत होती. 'फॉरेन कॉन्फिगरेशन', खाली दोन पर्याय: इम्पोर्ट आणि क्लिअर.

"क्लिअर म्हणजे एरर क्लिअर ना रे? करू?"

"दादा, कीबोर्डवरून हात काढ!"

क्लिअर म्हणजे डिस्कवर लिहिलेली ओळख पुसणं, ती कुठल्या गटातली, कितव्या नंबरची. आपल्याला इम्पोर्ट हवं होतं. केलं. कार्डाने गट ओळखला, तीन डिस्कवर लंगडत उभा राहिला. डिस्क काढली तेव्हा कुणी काही लिहीत नव्हतं, हे आमचं नशीब.

नवी डिस्क लगेच नाही घातली. आधी सहाही लग्नं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली. कारण रीबिल्ड करताना उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण, म्हणजे १२ टीबी वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या स्पेकमध्ये साधारण १२.५ टीबी वाचनात एक न वाचता येणारी चूक धरलेली असते, एंटरप्राइझला त्याच्या दहापट. तरी सहा नवऱ्यामुलींच्या आयांना मी आकडे समजावणार नव्हतो.

आता प्रत्येक ट्रेवर स्टिकर आहे: सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि ०, १, २, ३. डिस्क काढण्याआधी कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून 'लोकेट' दाबायचं, ज्या ट्रेचा दिवा लुकलुकेल तीच काढायची. बाहेरच्या डिस्कवरची कॉपी दर शनिवारी बोरिवलीला आत्याच्या कपाटात जाते. आत्याला वाटतं त्यात सिनेमे आहेत.