गोळी नव्हे, काडतूस

पोलिसांच्या कारवाईची बातमी मराठी वर्तमानपत्रांत ठरलेल्या साच्यात येते: एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त. भाषा रुक्ष, पण बिनचूक. घोळ होतो तो बातमीशेजारच्या चित्रात. तिथे कट्ट्याच्या नळीतून अख्खं पितळी काडतूस, अगदी बुडासकट, सुसाट निघालेलं असतं. सिनेमाच्या पोस्टरांवरही तेच. प्रत्यक्षात नळीतून बाहेर जाते ती फक्त पुढची गोळी. तिच्यामागे पितळी पुंगळी असते, पुंगळीत दारू आणि बुडाशी आघाताने पेटणारी टोपी. या चौघांचं मिळून काडतूस होतं. बार उडाला की दारू जळून जाते आणि वापरलेल्या टोपीसह पुंगळी मागे राहते. पिस्तूल ती बाजूला फेकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र हाताने काढेपर्यंत ती चक्रातच बसून राहते. तेव्हा रिव्हॉल्व्हर झाडून पळालेल्या खुन्याच्या मागे रस्त्यावर पुंगळ्यांचा सडा पडल्याचं रहस्यकथेत वाचलं, तर लेखकाने गृहपाठ केलेला नाही असं खुशाल समजावं.

कौतुक सगळं गोळीचं होत असलं, तरी काडतुसाचा इतिहास हा मुख्यतः वेष्टनाचा इतिहास आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू मोजून ओतायची, वरून गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. लढाईच्या धांदलीत माप चुके. म्हणून एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळून तयार ठेवायची पद्धत पडली. किराणा दुकानातल्या पुडीसारखी ही पुडी म्हणजेच सुरुवातीचं काडतूस. १८५७ साली ज्यावरून उठावाची आग भडकली ते असलंच कागदी काडतूस होतं. तेव्हाचे शिपाई पितळी काडतूस दाताखाली धरत होते, हे आपल्या डोळ्यांपुढे उभं राहणारं चित्र निखालस चूक आहे.

ते काडतूस वापरायचं कसं? एन्फील्ड रायफल १८५३च्या नमुन्याची, नळी ०.५७७ इंचाची. शिपायाच्या एका हातात बंदूक, दुसऱ्यात काडतूस, म्हणून पुडीचं तोंड दातांनी फाडायचं. दारू नळीत ओतायची, पुडी उलटी करायची, गोळीकडचं टोक कागदासकट नळीत बसवायचं, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गज चालवायचा. वंगण लावलेलं असे ते गोळीच्या बाजूच्या कागदाला, म्हणजे दातांनी फाडायच्या टोकाच्या विरुद्ध बाजूला. गोळी कुणी चावत नव्हतं. एवढ्यावरून शिपायांची गाय-डुकराच्या चरबीची भीती खुळी होती असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. वंगणात चरबी होती, ती कुठल्या जनावराची याची खातरजमा सरकारने ठेकेदाराकडून करून घेतलीच नव्हती, आणि बंगालच्या उन्हाळ्यात वंगण एका टोकाला गुमान बसून राहील अशी अपेक्षा करणंही भाबडेपणाचं होतं.

जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमला कुजबुज सुरू झाली. सरकारने त्याच महिन्यात हुकूम काढला: काडतुसं बिनवंगणाची देऊ, वंगण तुमचं तुम्ही लावा. मग संशय चरबीवरून कागदावर सरकला. कागद चकचकीत का दिसतो? २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९व्या पलटणीने काडतुसं नाकारली, ती तर जुन्याच बंदुकीची होती. कागद तेवढा निराळा दिसला होता. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ९० निवडक स्वारांपैकी ८५ जणांनी नकार दिला. तीही नेहमीचीच काडतुसं होती, आणि आता दातांऐवजी हाताने फाडा हे दाखवण्यासाठीच ती कवायत भरवलेली होती! त्या ८५ जणांना ९ मे रोजी सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी मेरठ उठलं. थोडक्यात, उठावाला तोंड फोडणारी काडतुसं बहुधा चरबीची नव्हतीच. विश्वास उडालेला असला की कागदाचा तुकडाही पुरतो. काडतुसं हे मूळ कारण नव्हे, निमित्त, असं सावरकरांनी १९०९मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. कारणांच्या त्यांच्या यादीशी कुणी सहमत असो वा नसो, निदान काडतुसांपुरता पुरावा त्यांच्या बाजूने झुकतो.

कागद पुढे दहाएक वर्षांतच मागे पडला. त्याआधीची पायरी म्हणजे टोपी, आणि ती एका पाद्र्याच्या शिकारीच्या नादातून आली. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ यांच्या चकमकीच्या बंदुकीचा जाळ आधी दिसायचा, बार मागून व्हायचा. तेवढ्यात पाखरं उडून जात. ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट त्यांनी १८०७मध्ये घेतलं. टोपी, दारू आणि गोळी एकाच धातूच्या वेष्टनात आली ती हळूहळू. ब्रिटिश फौजेत एडवर्ड बॉक्सर यांचं पितळी काडतूस १८६६च्या सुमारास आलं. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे याच स्थित्यंतराच्या काळातला.

पुंगळी म्हणजे नुसती डबी, हा समज इथे सोडून द्यावा. बार उडताना ती क्षणभर फुगते आणि मागची फट घट्ट बंद करते. त्यामुळे तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येत नाही, सगळा जोर गोळीमागे लागतो. मागून भरायच्या बंदुका कागदी काडतुसावरही निघाल्या होत्या, पण त्यांच्या सांध्यातून वायू निसटायचा. ते दुखणं पुंगळीने बरं केलं. आतली दारूही आता ती जुनी सोरा, गंधक, कोळशाची काळी दारू राहिलेली नाही. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४मध्ये बिनधुराची दारू केली आणि रणांगणावरचा धुराचा पडदा उठला.

दमदमचं नाव चाळीस वर्षांनी पुन्हा गाजलं. ‘दमदम गोळी’ म्हणजे शरीरात स्फोट होणारी किंवा विषारी गोळी, अशी समजूत अजून टिकून आहे. दोन्ही चूक. १८९५च्या चित्रालच्या मोहिमेत थ्री नॉट थ्री रायफलीची पूर्ण धातूच्या कवचातली गोळी माणसाच्या आरपार जाते, पण चालून येणारा थांबत नाही, अशी इंग्रज फौजेची तक्रार होती. मग दमदमच्या शस्त्रशाळेत कॅप्टन बर्टी-क्ले यांनी कवचाच्या टोकाशी थोडंसं शिसं उघडं ठेवलं. ते मऊ टोक शरीरात पसरतं आणि जखम भयंकर होते. स्फोटक काहीच नाही. ४०० ग्रॅमखालच्या स्फोटक गोळ्यांवर तर १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यानेच युद्धात बंदी आली होती. पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली १८९९मध्ये हेगला. तीही युद्धापुरतीच. शिकारीत आणि कित्येक देशांच्या पोलिसांकडे पसरणाऱ्या गोळ्या आजही असतात. पोलिसांचं कारण उलटं आहे: गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू नये.

आता आकडे. थ्री नॉट थ्री म्हणजे नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच. पण तो नळीतल्या पिळाच्या खाचा कोरण्याआधीचा. गोळी ०.३११ इंचाची, थोडी जाडच, म्हणजे ती खाचांत रुतून गिरकी घेते. पॉइंट थर्टी-एट रिव्हॉल्व्हरची गोळी ०.३५७ इंचाची, ते नाव जुन्या घडणीवरून चिकटून राहिलं आहे. बारा बोअरचा हिशेब तर उलटाच. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर काडतुसाची बंदूक बाळगणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पण शहरात पुष्कळांना वाटतं की वीस बोअरची नळी बारापेक्षा मोठी. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोल केले, तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, साधारण १८.५ मिलिमीटर. वीस केले की प्रत्येक गोल लहान, म्हणून नळीही लहान. एके-४७ आणि आपली जुनी एसएलआर रायफल दोन्ही ७.६२ मिलिमीटरच्या, तरी एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. एकीची पुंगळी ३९ मिलिमीटर लांब, दुसरीची ५१. पुन्हा पुंगळीच.

वजनाच्या ‘ग्रेन’चा दारूच्या दाण्यांशी संबंध नाही. ते जुनं वजनाचं माप, एका पौंडाचा ७,०००वा भाग. ब्रिटिश अमलातला तोळा १८० ग्रेनचा होता आणि थ्री नॉट थ्रीची पुढच्या काळातली प्रमाणित गोळी १७४ ग्रेनची. तोळ्याला सहा ग्रेन कमी.

सगळ्यांत घातक गैरसमज ‘खोट्या’ काडतुसांचा. ‘ब्लँक’मध्ये टोपी आणि दारू असते, गोळी नसते. ‘डमी’त गोळी असते, पण दारू आणि चालू टोपी नसायला हवी. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रूस ली यांचा मुलगा ब्रँडन गेला, तो या दोन्हींच्या मेळाने. जवळून दिसणाऱ्या दृश्यासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी केल्या होत्या, टोप्या राहिल्या. एक टोपी उडाली, तिच्या एवढ्याशा जोराने गोळी नळीत सरकून अडकली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या दृश्यासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरली. गोळी नळीत होतीच, दारू ब्लँकने पुरवली. नुसती ब्लँकही जवळून जीव घेते: १९८४मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अभिनेत्याने गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला होता.

राहता राहिला वरातीतला हवेतला बार. वर गेलेली गोळी विरून जात नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने फ्लोरिडात रायफलीच्या गोळ्या उभ्या वर झाडून पाहिल्या, तर त्या सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने खाली आल्या. नळीतून सुटतानाच्या वेगापुढे हा वेग किरकोळ, पण डोक्यावर पडली तर कवटी फुटायला पुरेसा. उत्साहाच्या भरात नळी तिरपी राहिली तर गोळीचा वेग याहून बराच जास्त उरतो. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात जल्लोषातल्या अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वेगळी तरतूद केली आहे.