गोडीच्या पलीकडे

जर्मनीतील मोझेल नदीकाठची ‘आउस्लेझे’ वाइन पहिल्यांदा चाखणारा बहुधा एकच शेरा मारतो, ‘गोड आहे!’ आणि पेला खाली ठेवतो. खरी पारख तिथून पुढे सुरू होते.

रीझलिंग जातीच्या द्राक्षांची ही पांढरी वाइन. पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर तिचे मळे आहेत. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट तर सुमारे 65 अंशांचा. आउस्लेझे म्हणजे निवडून खुडलेले. पूर्ण पिकलेले आणि काही वेळा बोट्रायटिस बुरशीने सुरकुतलेले घड त्यासाठी वेचतात. बुरशीचे नाव काढताच नाशिक-सांगलीच्या बागायतदाराच्या पोटात गोळा येईल, पण इथे तिच्यामुळे द्राक्षातले पाणी उडते आणि रस घट्ट होतो.

1971 च्या जर्मन कायद्याने काबिनेट, श्पेटलेझे, आउस्लेझे अशा पायऱ्या ठरल्या त्या तोडणीच्या वेळच्या रसातील साखरेवरून. आंबटपणा किती, हे त्यात येत नाही. वाइन तर त्यावरच तरते! कैरीच्या पन्ह्यात गूळ कितीही चांगला असो, कैरीच मवाळ निघाली तर पन्हे कसले?

तेव्हा बाटली दहा अंशांच्या आसपास थंड करावी आणि पेला तिसरा हिस्साच भरावा. कोवळी वाइन फिकट, हिरवट झाक असलेली असते. पंधरा-वीस वर्षांनी ती सोनेरी होते. रंग तपकिरी आणि वास शिळा असेल, तर मात्र ती उतरली समजावे. मुरलेल्या वाइनला मधाचा, सुक्या जर्दाळूचा वास येतो आणि त्यामागून चक्क रॉकेलचा! टीडीएन नावाच्या संयुगाचा हा प्रताप. बेताचा असेल तर तो दोष नव्हे. इतर सारे वास झाकून टाकू लागला तर मला तो खपत नाही.

मग घोट. तो जिभेवर फिरवावा, गिळावा आणि थांबावे. गोडी आधी येते, आंबटपणा मागून. मुरलेल्या वाइनमधली साखर कमी झालेली नसते, तरी ती कमी गोड लागते. घोटानंतर तोंड चिकट वाटते की पाणी सुटते, हे पाहावे. पाणी सुटले तर दुसरा घोट आपोआप घेतला जातो.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी, जेवणाआधी, पुन्हा चाखून पाहावी.