नऊ सामने, नऊ विजय आणि टीमच बंद

आजची गोष्ट फुटबॉलची आहे, पण मेस्सीवाल्या नाही. अंडाकृती बॉल, हेल्मेट आणि अंगावर धावून येणारी माणसं, तो अमेरिकन फुटबॉल. नियम येत नसले तरी चालेल, मलाही अर्धे सिनेमातूनच कळलेत.

साल १९५१. दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं झालेली. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ म्हणजे जेझुइट पाद्र्यांचं एक छोटं कॉलेज. टीमचं नाव ‘डॉन्स’ (आपल्याला लगेच अमिताभ आठवतो, ते सोडा). कोच होता जो कुहारिच. टीममधला जिनो मार्केटी तर युरोपात प्रत्यक्ष लढून आलेला.

पण या सीझनचा हिरो ऑली मॅटसन. बॉल घेऊन पळायचं, हे त्याचं काम. त्या वर्षी तो १,५६६ यार्ड पळाला, म्हणजे साधारण १,४३० मीटर. अख्ख्या देशात कॉलेजच्या कुठल्याच खेळाडूला एवढं जमलं नाही. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठाविरुद्ध त्याने दोनदा समोरच्या टीमने मारलेली किक पकडली आणि थेट दुसऱ्या टोकापर्यंत पळत सुटला. एकदा ९४ यार्ड, एकदा ९०. मॅच ३२-२६ अशी जिंकली. अख्ख्या सीझनमध्ये घाम फुटला तो इथेच, बाकीच्या मॅचेस आरामात काढल्या. नोव्हेंबरअखेर लोयोलाला २०-२ हरवून हिशोब झाला नऊपैकी नऊ.

आता ‘बोल’ म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण खरी गोची तिथेच आहे. अमेरिकेत कॉलेजचा सीझन संपला की नववर्षाच्या सुमारास मोठ्या शहरांत खास सामने व्हायचे. ऑरेंज बोल, शुगर बोल वगैरे. त्यांत पात्रता फेरी नसायची, आयोजक आमंत्रण द्यायचे. मिळाला तर मान आणि मुख्य म्हणजे पैसा. आणि डॉन्सच्या विद्यापीठाला फुटबॉल परवडेनासा झाला होता. बोलचा एक चेक आला असता तर टीम तगली असती.

मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय. ऑरेंज बोल व्हायचा फ्लोरिडात, मायामीला. दक्षिणेत तेव्हा वर्णभेद कायद्याने चालायचा. खेळाडूंनी पुढे सांगितलं त्यानुसार निरोप असा होता: या, पण त्या दोघांना घरी ठेवून या. टीम म्हणाली, मग आम्हीही येत नाही. आयोजकांच्या बाजूने कारण दिलं गेलं की डॉन्सचे प्रतिस्पर्धीच कच्चे होते. हे अगदीच खोटं नाही, त्यांच्या यादीत बलाढ्य नावं नव्हतीच. पण त्या संघातले तिघे, मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर, पुढे प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका छोट्या कॉलेजच्या एकाच टीममधले तिघे! कच्चे कोण, तुम्हीच ठरवा.

आमंत्रण नाही, म्हणून पैसा नाही. सीझन संपल्यावर विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

मॅटसन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेला. ४०० मीटरमध्ये ब्राँझ, रिलेत सिल्व्हर. हो, तेच हेलसिंकी, जिथे आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं. पुढे १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने एकट्या मॅटसनसाठी नऊ खेळाडू मोजले. हा सौदा करणारा मॅनेजर पीट रोझेल. १९५१ मध्ये हाच पोरगा डॉन्सच्या बातम्या पेपरवाल्यांना पुरवायचा, आणि १९६० मध्ये अख्ख्या एनएफएलचा कमिशनर झाला.

टोलरचा गुडघा मात्र प्रो होण्याआधीच गेला. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक. आणि १९६५ मध्ये एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी. २०१७ मध्ये विद्यापीठाने एका हॉस्टेलला त्याचं नाव दिलं. आधी त्यावर जेम्स फेलन या राजकारण्याचं नाव होतं. १९२० च्या निवडणुकीत या फेलनचा नारा होता, कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच ठेवा.